वरच्या कोपऱ्यातून

११ जानेवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखलंस की हे पत्र तू न फोडता कुठेतरी टाकून देशील, याची मला खात्री आहे. म्हणून वहिनीला म्हटलं होतं, पत्ता तू लिहून पाठव, मी तो चिकटवते. ती म्हणाली, "मी नाही बाई तुमच्या भानगडीत पडणार. तुमचं तुम्ही निस्तरा." तेव्हा जे काय व्हायचं ते माझ्या अक्षराचंच होऊ दे.

फोन तू उचलत नाहीस. नऊ वर्षांपूर्वी मी मानसतज्ज्ञ म्हणून भर कोर्टात सांगितलं की तुझ्या तपासात मिळालेला कबुलीजबाब भरवशाचा नाही. आरोपी सुटला, वर्तमानपत्रांनी तुला धुऊन काढलं, आणि कोर्टाच्या पायऱ्या उतरताना तू म्हणालास, "आजपासून मला बहीण नाही." तुरुंगात माझ्यासमोर माणसं रोज काही ना काही शपथा घेतात. तुझ्याइतका शब्द पाळणारा एकही मला भेटलेला नाही. त्या साक्षीबद्दल मी माफी मागणार नाही, हे आत्ताच सांगून टाकते. नाहीतर तू ती शोधत शेवटच्या पानावर जाशील.

लिहायचं कारण वेगळंच आहे. या वेळी मी पोलिसांच्या बाजूने अहवाल देणार आहे. म्हटलं, तुझ्या कानावर घालावं.

नावं लिहीत नाही. तुझ्या धंद्यात आणि माझ्या धंद्यात ती सवय सारखीच. एका कापडाच्या गोदामाला आग लागली. आत वॉचमन होता, त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. भिंतीबाहेर गोदामातलाच एक हमाल दारू पिऊन पडलेला सापडला. त्याची बाही जळलेली होती. त्याने मॅजिस्ट्रेटसमोर कबुली दिली की मागच्या खोलीत काडी ओढून मीच गठ्ठ्यांवर टाकली. वकील म्हणतो, याला काही आठवत नाही, हा शिकवलेलं बोलतोय. म्हणून कोर्टाने मला विचारलंय: हा कबुलीजबाब त्याच्या स्वतःच्या आठवणीतून आलाय का? मी "हो" म्हटलं की तो बरीच वर्षं आत गेला. तपास कोणी केला तेही लिहीत नाही, पण जाड चष्मा, बोलताना टेबलावर पेन आपटायची सवय, आणि तुझं नाव निघालं की खुर्चीत नीट बसतो. ओळखलंस ना? तुझा लाडका चेला.

हमालाला गोदामात सगळे "होयबा" म्हणतात. चाळिशीचा, खांदे दरवाजाएवढे आणि आवाज पाहुण्यांसमोर गाणं म्हणायला लावलेल्या पोरासारखा. तुरुंगातली भेटीची खोली म्हणजे पोपटी भिंती, एक ट्यूबलाइट, आणि लंगडं टेबल. त्याच्या आखूड पायाखाली मीच पुठ्ठ्याची घडी सारली आहे. पहिल्या दिवशी तो आत आला आणि मी "बसा" म्हणेपर्यंत उभाच. दुसऱ्या दिवशी मी म्हणायला विसरले, तर तसाच उभा. शेवटी शिपाईच ओरडला, "अरे बस की आता!"

माझी पद्धत तुला माहीत नाही, तुला ते सगळं थोतांड वाटतं. तरी सांगते. आमच्यात आधी माणूस, मग कागद. भेटी संपेपर्यंत मी पोलिसांची फाइल उघडत नाही, म्हणजे मनात आधीच गाठ बसत नाही. आणि प्रत्येकाला मी ती जागा काढून दाखवायला लावते. कोरा कागद आणि पेन्सिल द्यायची, खोडरबर द्यायचं नाही. माणूस जिथे उभा होता तिथूनच खोली काढतो. दारातून शिरलेला दारातून काढतो, खिडकीतून पळालेला खिडकीतून. चित्रकलेत नापास झालेलेसुद्धा यात चुकत नाहीत.

होयबाने काय काढलं ऐक. मागची खोली, पण थेट छताजवळच्या कोपऱ्यातून! गठ्ठ्यांचे वरचे भाग, कपाटाचा माथा, दाराची वरची पट्टी, जमिनीवर वेटोळं घातलेला पाइप. छताला चिकटलेल्या पालीला दिसेल तशी खोली. "इथून का काढलीस?" विचारलं तर म्हणतो, "मला अशीच दिसते, मॅडम."

मला एकदम उलगडलं. फार भयंकर क्षणी माणसाचं मन अंगातून बाजूला होतं आणि वरून बघत राहतं. अपघातातून वाचलेले असं सांगतात, मार खाल्लेली मुलं सांगतात. हा तिथे होता, आपण काय केलं ते बघून हादरला, आणि त्याचं मन छताला जाऊन बसलं. म्हणजे आठवण खरी, कबुलीही खरी. अहवालात यावर अर्धं पान लिहिलंय आणि ते मला फार आवडलंय. सोमवारी टाइप करून द्यायचा आहे.

बघ, मी तुमच्या विरुद्धच असते असं नाही.

तुझी बहीण

२० जानेवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. नऊ वर्षांनी आलेलं उत्तर! "प्रिय" नाही, सही नाही, खुशाली नाही. "आमचा फोटोग्राफर टेबलावर चढून वरच्या कोपऱ्यातून पहिला फोटो काढतो. म्हणजे सगळी खोली येते. अहवाल द्यायच्या आधी फोटो बघ."

आधी संताप आला. मग हसू आलं.

फाइल मागवली. पहिलाच फोटो, पानभर मोठा. दादा, होयबाने तो फोटोच काढला होता रे! तोच कोपरा, तीच उंची, कपाटाच्या माथ्यावर तीच एक उलटी पडलेली बादली. मी तिला टोपी समजले होते. आणि तो जमिनीवरचा पाइप? मला वाटलं गोदामातला असेल. तो अग्निशमन दलाचा. आग विझवायला आणला आणि विझल्यावर तिथेच पडला. जो माणूस आग लावून पळाला त्याच्या आठवणीत तो पाइप कुठून येणार? त्याला ती खोली दिसते ती फोटोतून. म्हणजे कबुलीच्या आधी कोणीतरी त्याला तो फोटो दाखवला, आणि तोही एकदा नव्हे.

आणि मी बसले होते त्याचं मन छताला चिकटवत! अर्धं पान, दादा. त्यात तीन ठिकाणी मी "निःसंशय" लिहिलं होतं. दुसरा कोणी असता तर सरळ विचारलं असतं, "काय रे, शिडीवर चढला होतास का?" एवढं शिकल्यावरच माणूस इतकं चुकू शकतो.

सोमवारी अहवाल गेला नाही, कारण टायपिस्टची मुलगी आजारी होती आणि ती आली नाही. एरवी मी दिवसभर चिडचिड केली असती. आज तिला स्वतःहून दोन दिवसांची सुट्टी दिली, तर ती घाबरली. तिला वाटलं मी तिला कामावरून काढतेय.

एक गोष्ट कबूल करते. मला तुझ्या बाजूने एक तरी अहवाल लिहायचाच होता. अशी केस कधी येते याची मी वाट बघत होते आणि ही आली तशी मी झडप घातली. दुसरे लाच म्हणून पैसे देतात, तसा मी तुला एक माणूस द्यायला निघाले होते. तू ती घेतली नाहीस. स्वतःच्या चेल्याचं नुकसान होत असूनही घेतली नाहीस. हे वाचताना तू नाक मुरडशील, पण मला तुझा इतका अभिमान वाटला की कार्ड पर्समध्ये घालून मी ते उगाचच बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे हिंडवलं.

तुझी बहीण

४ फेब्रुवारी

दादा,

दुसरं कार्ड आलं नाही. हरकत नाही. परत आलं नाही म्हणजे माझं पत्र पोचलं एवढं कळतं. वहिनीचा फोन आला होता. म्हणाली, तू माझी पत्रं ओट्याजवळ उभा राहून वाचतोस आणि ती आली की दुधाकडे लक्ष असल्याचं सोंग करतोस. "परवा दूध उतू गेलं तरी बघत होते." मला सांगायचं नाही असं तिने तुला वचन दिलंय म्हणे. तेव्हा तुला काही माहीत नाही.

होयबाची चाचणी घेतली. मी त्याला एक छोटी गोष्ट सांगते: एक बाई बाजारात जाते, तिची पर्स चोरीला जाते, पोलीस येतात. मग प्रश्न. त्यात काही प्रश्न मुद्दाम खोटे. गोष्टीत छत्रीचा पत्ता नाही आणि मी विचारते, "बाईची छत्री कुठल्या रंगाची होती?" शंभरातले बरेच जण म्हणतात, छत्री कुठे होती? होयबा म्हणाला, "काळी." मी भुवया चढवून म्हटलं, "नीट आठव बरं." लगेच घाम. "निळी असेल मॅडम. हो, निळीच." मी नुसती गप्प बसले, तर म्हणाला, "काठी मोडकी होती ना तिची?" माझ्या हातून पेनच खाली पडलं. तीन मिनिटांत त्याने नसलेली छत्री रंगवली, बदलली आणि मोडलीसुद्धा.

दारूत त्या संध्याकाळचं सगळं पुसलेलं. डोक्यात मोठी रिकामी जागा. त्यात कोठडीतले तीन दिवस कोणी फोटो ठेवत गेलं, "आठव, आठव" म्हणत गेलं, तर तो मनाने खोली भरणारच. तो खोटं बोलत नाहीये. त्याला खरंच आठवतंय. "मीच केलं असणार मॅडम. साहेब एवढं सांगतात ते काय उगाच?" आणि मग, मी काही न विचारता, "वॉचमन माझ्याशी बोलेल का हो परत?" दोघं डबा एकत्र खायचे. त्याला तुरुंगाची भीती नाही, तो तिथे बरा जेवतोय. त्याला वॉचमनचा हात दिसतो, तोही बहुधा फोटोतलाच.

आता अडचण ऐक. फोटो कबुलीच्या आधी दाखवले, की नंतर कधीतरी त्याच्या नजरेला पडले, हे कुठेही लिहिलेलं नाही. सरकारी वकील म्हणतो, आग विझताना त्याने बाहेरून पाइप बघितला असेल, बाकी मॅडमच्या कल्पना. आणि होयबाला विचारून उपयोग काय?

"साहेबांनी तुला आधी फोटो दाखवले का?"

"हो."

"की नंतर दाखवले?"

"हो, नंतर."

"की दाखवलेच नाहीत?"

"हो मॅडम, तसंही असेल."

याच्या "हो"वर कोर्ट काय म्हणून विश्वास ठेवेल? सांगू शकतो तो फक्त तुझा चेला.

तो मला भेटायला आला होता. बसला नाही. टेबलावर पेन आपटत म्हणाला, "साहेबांचं झालं, आता माझा नंबर का मॅडम? आमच्याच मुळावर का उठता तुम्ही?" मी म्हटलं, "एकच विचारते, फोटो दाखवलेस?" त्यावर तो जे बोलला ते मी इथे लिहीत नाही. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. जाताना मात्र दार हळू लावलं. रागावलेली माणसं दार असं लावत नाहीत.

सुनावणी सोळा तारखेला आहे. तुला मी काही करायला सांगत नाही. सांगणं बरोबर नाही, आणि तू माझं ऐकशील असंही नाही. फक्त मला झोप येत नाही हे कोणाला तरी सांगायचं होतं.

तुझी धाकटी

१९ फेब्रुवारी

दादा,

सुटला!

आधी हे लिहून टाकलं, आता सावकाश सांगते. काल रात्री मी दहा तास झोपले. शेजारीण सकाळी दार वाजवून बघून गेली, मी जिवंत आहे ना.

सोळा तारखेला माझी साक्ष झाली. सरकारी वकिलाने मला बराच वेळ सोललं. "मॅडम, माणूस चित्र वरून काढतो म्हणून निर्दोष, असं तुमचं शास्त्र सांगतं का?" मी म्हटलं, "नाही. आधी माझ्या शास्त्राने उलटंच सांगितलं होतं, ते चुकलं." मागे कोणीतरी हसलं. अग्निशमन दलाचा अधिकारी म्हणाला, आगीची सुरुवात विजेच्या मीटरच्या भिंतीकडून दिसते, गठ्ठ्यांकडून नाही. तरी कबुलीजबाब वाटेत उभाच होता. त्या संध्याकाळी गठ्ठे कसे होते, कपाटावर काय पडलं होतं, हा त्यातला तपशील आत गेल्याशिवाय कळणारच नाही, असं सगळे धरून चाललेले.

मग तुझा चेला उभा राहिला. होयबाच्या वकिलाने विचारलं, "कबुलीच्या आधी आरोपीला जागेचे फोटो दाखवले होते का?" त्याने चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला. इतका वेळ लागला की न्यायाधीशांनी मान वर केली.

"हो. दाखवले होते."

"किती वेळा?"

"रोज. त्याला आठवायला मदत व्हावी म्हणून. मला वाटत होतं, तोच आहे. मी त्याला फसवत नव्हतो."

"फसवत नव्हतो" हेही खरं आहे, दादा. त्याचा आवाज ऐकला असतास तर तुलाही पटलं असतं. होयबा त्याच्याकडे बघून मान डोलावत होता, धीर देत असल्यासारखा. मी खाली बघितलं, कारण कोर्टात रडायची माझी पद्धत नाही.

न्यायाधीशांनी कबुलीजबाब बाजूला ठेवला. बाकी काय उरलं, जळकी बाही. कागदपत्रं होऊन आज सकाळी त्याला सोडलं.

परवा कोर्टाच्या जिन्यात तुझ्या चेल्याला गाठलं. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "साहेबांचा फोन आला होता."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, जेवलास का. मी म्हटलं, हो. मग म्हणाले, शपथेवर विचारतील तेव्हा शपथेवर असल्यासारखं सांग. आणि ठेवला."

बढतीच्या यादीत त्याचं नाव होतं, ते आता राहील की नाही माहीत नाही, असं तो सांगत होता. पण तुला सांगते, चेहरा मात्र महिनाभराचा ताप उतरलेल्या माणसासारखा. मी त्याला कॉफी पाजली. तो तिथेही पेन आपटत होता.

आज सकाळी तुरुंगाच्या फाटकाशी गेले. जायची गरज नव्हती, गेले. होयबा बाहेर आला तो पिशवी छातीशी धरून. समोर रस्त्यापलीकडे वॉचमन उभा होता, उजव्या हाताला अजून पट्टी. मला पत्ता नव्हता तो येणार याचा. होयबा जागीच थबकला. मग माझ्याकडे वळून हळूच विचारतो, "मॅडम, मी नाही केलं, हे तुम्हाला नक्की माहीत आहे ना? तुम्ही म्हणाल ते खरं."

बघ काय माणूस आहे! इतके दिवस मीही त्याच्या डोक्यात काही ठेवू नये म्हणून जपत होते. तोंडाशी आलेलं "हो, नक्की" मी गिळलं. म्हटलं, "माझं ऐकू नकोस. कोणाचंच ऐकू नकोस. तुला काय आठवतं?"

तो विचार करत राहिला. कपाळावर आठ्या. मग म्हणाला, "बाटली आठवते. भिंत आठवते. पुढे काही नाही."

"मग तेवढंच म्हणायचं. कोणी कितीही विचारलं तरी तेवढंच."

"काही नाही, असं म्हणायचं?"

"काही नाही आठवत, असं."

"चालतं?"

"चालतं."

वॉचमन पलीकडून ओरडला, "अरे, येतोस का जाऊ मी? ऊन लागतंय!" आणि हा एवढा धिप्पाड माणूस दोन्ही बाजूंना न बघता रस्ता ओलांडून पळाला. एका रिक्षावाल्याने त्याला शिव्या दिल्या. वॉचमननेही दिल्या. डाव्या हाताने त्याची पिशवी घेतली आणि दोघं निघाले. डब्यात काय आणलंय यावरून बोलत होते बहुतेक, कारण होयबा पहिल्यांदाच म्हणत होता, "नाही नाही, मला ते नको."

तुझी धाकटी

२७ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं. कार्ड नव्हे, पत्र, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. पहिल्या ओळीत "चि." पाहिलं आणि पुढचं वाचायच्या आधी तोंड धुऊन आले.

तू लिहिलंस, माझं पत्र वाचल्यापासून नऊ वर्षांपूर्वीची खोली तुझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आरोपी तो रंगारी पोरगा, समोर तू, आणि टेबलावर सराफाच्या दुकानाचे फोटो. तू लिहिलंस, "मी त्याला ते रोज दाखवत होतो. ती आमची रीतच होती. त्यात काही गैर आहे हे कधी मनातच आलं नाही, म्हणून तू बोललीस तेव्हा मला वाटलं, बहिणीने उगाच डूख धरला." आता मीही सांगते. तुझा चेला माझ्याकडे आला होता तेव्हा जे बोलला ते मी लिहिलं नव्हतं ना? तो म्हणाला होता, "साहेब करायचे तसंच केलं मी." तुला ते दुसऱ्याच्या तोंडून कळू नये असं वाटलं. तू आपण होऊन लिहिशील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पण तुझा प्रश्न खाली आहे, सगळ्यांत शेवटी, बारीक अक्षरात. "एक सांग. तो रंगारी खरंच निर्दोष होता ना? तू इतकी ठाम होतीस. तेवढं सांगितलंस तर मी सुटलो."

दादा, तुला खूश करायचं तर "हो" लिहायला काय जातं? पण मी आत्ताच एका माणसाला हेच शिकवून आले आहे.

मला माहीत नाही.

मी ठाम होते ती कबुलीबद्दल. ती त्याची नव्हती, हे मला तेव्हा दिसलं आणि आजही दिसतं. त्याने दुकान लुटताना सराफाला मारलं की नाही, हे मला कधीच कळलं नाही. कोर्टात ते मला कोणी विचारलं नाही आणि मी ताठ मानेने उभी होते, म्हणून सगळ्यांना वाटलं मला सगळं माहीत आहे. तुलाही वाटलं. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही. पुढे कितीतरी महिने वर्तमानपत्र उघडलं की आधी चोऱ्यांच्या बातम्या बघायची, कुठे कुणा दुकानदाराला मारलंय का. मी एका गुन्हेगाराला मोकळा सोडला का, आणि वर भावाचं नाव धुळीला मिळवलं का? हे एकाच माणसाशी बोलता आलं असतं, कारण या दोन्ही बाजू कळणारा तो एकटाच होता. आणि तो फोन उचलत नव्हता.

तुला वाटत होतं मी जिंकले. मला वाटत होतं, तुला तरी खात्री आहे की तोच चोर होता, निदान तू शांत झोपत असशील. आणि तू लिहितोस, तुलाही नव्हती! नऊ वर्षं आपण दोघं एकाच गोष्टीला घाबरत दोन वेगळ्या घरांत बसलो होतो. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने "अरे देवा" म्हणाले आणि घरभर फिरून सगळ्या खिडक्या उघडल्या. नंतर थंडी वाजली, बंद केल्या.

तू सुटला नाहीस या उत्तराने. मीही नाही. पण आता दोघं आहोत.

सोमवारी सकाळच्या गाडीने येतेय. भांडण बाकी आहेच, "बहीण नाही" म्हणाला होतास त्याचं, ते मी सोडणार नाही. स्टेशनवर यायची गरज नाही. वहिनी म्हणत होती तुझा गुडघा दुखतोय, आणि तेही मला माहीत नाही असं समज. तरी येणारच असशील, तर फलाटावर धावपळ करू नकोस. एखाद्या बाकावर बसून राहा. मी शोधते.

तुझी,
बहीण